बिननावाचा थेंब

(दृश्य: टेबलावर एक पांढरं कार्ड. वर पंखा फिरतोय. कुणीतरी तो बंद करतं.)

पंखा आधी बंद करायचा. कार्ड उडतं आणि धूळ बसते, म्हणून.

हा कागद बघा. देशात एचआयव्ही किती जणांना आहे हे मोजायला लोकांचं रक्त असल्याच कागदावर घेतलं होतं. लग्नपत्रिकेएवढा जाड, पण गुळगुळीत नाही. बोट फिरवलं की शाळेतला टिपकागद आठवतो. त्यावर तुटक रेषांची पाच वर्तुळं छापलेली आहेत, प्रत्येक शर्टाच्या बटणाएवढं. रक्त इथं पडायचं.

प्रात्यक्षिकासाठी बोट माझंच. मधलं किंवा अनामिका चालते. तंत्रज्ञ ताईंनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि थांबल्या. स्पिरिट वाळू द्यायचं, नाहीतर ते रक्तात मिसळतं. मग बोटाच्या कडेला टोचलं, कारण मधोमध जास्त दुखतं. पहिला थेंब पुसून टाकला. दुसरा कडेवर फुगत गेला, जड झाला आणि वर्तुळाच्या मध्यात सुटून पडला. बोट कागदाला लागलंच नाही. लाल डाग कडांकडे सरकत गेला आणि रेषेशी येऊन थांबला. कार्ड उलटं केलं तर मागच्या बाजूलाही तेवढाच डाग. म्हणजे बरोबर जमलं.

तिसऱ्या वर्तुळाशी माझं रक्त अडलं. मी सवयीनं बोट पिळायला लागले.

"दाबू नका हो. दाबलं की रक्ताबरोबर पाणी येतं. हात खाली सोडा, जरा हलवा."

अर्धवट भरलेल्या वर्तुळावर दुसरा थेंबही टाकायचा नाही. थरावर थर चढला की मोजमाप चुकतं. ते वर्तुळ सोडून द्यायचं आणि पुढचं धरायचं.

(दृश्य: कार्ड रॅकवर आडवं. डाग लालचा हळूहळू चॉकलेटी होतो.)

आता हे वाळणार. उन्हात नाही, हीटरपुढे नाही, एकावर एक रचूनही नाही. पुरतं वाळलं की प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सोबत सिलिका जेलची पुडी. नव्या बुटांच्या खोक्यात निघते तीच. पिशवीत आणखी एक छोटं कार्ड असतं. त्यावरचे निळे ठिपके गुलाबी झाले तर आत दमट हवा शिरली. कोकणात पावसाळ्यात बनियन तीन-तीन दिवस वाळत नाही. तिथं या ठिपक्यांवर नजर ठेवून बसावं लागतं.

एवढं सांभाळलं की बर्फ नको, सुई-सिरिंज नको, फुटणारी बाटली नको. रक्त पाकिटातून जातं.

ही युक्ती एचआयव्हीसाठी निघालेली नाही. अमेरिकेत बफेलोला रॉबर्ट गथ्री नावाचे शास्त्रज्ञ होते. बाळाच्या टाचेचं रक्त कागदावर घेऊन जन्मजात आजार हुडकायची पद्धत त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. आपली गोष्ट त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांनी सुरू होते. आणि ती दवाखान्यात नाही, लोकांच्या घरात घडते.

(दृश्य: २००६ सालची वर्तमानपत्रं. मथळ्यांवरून कॅमेरा सरकतो.)

२००६ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमानं जाहीर केलं की भारतात ५७ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. दक्षिण आफ्रिकेत ५५ लाख. म्हणजे जगात पहिला नंबर आपला. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, म्हणजे नॅकोचा, स्वतःचा आकडाही ५२ लाखांचा होता.

हे लाख कुणी मोजले? खरं तर एकेक माणूस कुणीच मोजलेला नव्हता. ठरावीक सरकारी दवाखाने निवडलेले असत. गरोदर बायकांचं रक्त दुसऱ्या तपासणीसाठी घेतलेलंच असे. त्यातलं उरलेलं, नाव काढून, एचआयव्हीसाठी तपासायचं. एका केंद्रावर ४०० नमुने. त्यावरून जिल्हा, जिल्ह्यांवरून राज्य, राज्यांवरून देश.

गोम दवाखान्यातच होती. सरकारी दवाखान्यात कोण जातं? ज्याला खाजगी परवडत नाही तो. शिवाय खाजगी डॉक्टरला नुसता संशय आला तरी तो पेशंटला सरळ सरकारीत धाडायचा. तिथं जमा होणारी गर्दी गावासारखी नव्हतीच. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात संशोधकांनी घरोघर जाऊन कागदावर रक्त गोळा केलं. २००६ सालीच छापून आलं की सरकारी पद्धतीचा अंदाज खऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त येतो. पण तो एकच जिल्हा. देशाचं काय?

(दृश्य: गोवंडी स्टेशन, देवनारचा रस्ता, संस्थेचं फाटक.)

देशाचं काम इथून चाललं होतं. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तिसरी फेरी २००५ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाली आणि २००६ च्या ऑगस्टपर्यंत चालली. १ लाख ९ हजार ४१ घरं. मुलं किती, लसी दिल्या का, चूल कशावर, संडास आहे का, असे शेकडो प्रश्न. आणि या फेरीत पहिल्यांदाच, एचआयव्हीसाठी रक्त.

(दृश्य: चाळीतला दरवाजा. उंबऱ्याशी चपलांचे जोड.)

आता हे घर डोळ्यांसमोर आणा. दुपारचे तीन. सर्व्हेवाल्या ताई सतरंजीवर बसल्यात. दारात सासूबाई तांदूळ निवडताहेत आणि कान इकडे. मुलं डोकावताहेत. अशा घरात "एकांत" हा शब्द सर्वेक्षणाच्या नियमात लिहिलेला असतो. तो मिळवायचा कसा हे ज्याचं त्यानं बघायचं.

सूचना वाचून दाखवायची, संमती विचारायची. लग्न न झालेली पंधरा ते सतरा वर्षांची मुलगी असेल, तर आईवडिलांचीही. मग बोटाला टोचायचं.

आणि इथून रक्ताच्या दोन वाटा होतात.

एक थेंब छोट्या यंत्रात जातो. अंगात रक्त किती, हे यंत्र जागेवर सांगतं. ताई आकडा वाचतात, कागदावर लिहून हातात देतात. "रक्त कमी आहे हो तुमचं, पालेभाजी खा, दवाखान्यात दाखवा." त्या फेरीत देशातल्या ५५ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं, त्यामुळे हे वाक्य ताईंना दिवसातून कितीदा तरी म्हणावं लागलं असणार.

पुढचे थेंब कार्डावर. कार्डावर नाव नाही. तीन सारखे बारकोड निघतात: एक कार्डावर, एक प्रश्नावलीवर, एक नमुने पाठवायच्या फॉर्मवर. आणि मग ताईंना ते सांगावं लागतं: एचआयव्हीचा निकाल तुम्हाला कळणार नाही. आम्हालाही कळणार नाही. हवा असेल तर ही चिठ्ठी घ्या, सरकारी केंद्रात फुकट तपासणी होते.

दोन मिनिटांच्या अंतरानं, त्याच बोटाच्या रक्ताला दोन वेगळे कायदे.

नागालँडमध्ये स्थानिक विरोधामुळे हे रक्त घेतलंच गेलं नाही. बाकी देशभरात १ लाख २ हजार ९४६ माणसांचं रक्त तपासलं गेलं. कार्डं रात्रभर वाळवून मुंबईच्या प्रयोगशाळेत आली. तिथं डागातून पंचनं एक टिकली कापायची, द्रावणात भिजत घालायची, रक्त उतरलं की तपासायचं. वहीत भोकं पाडायचं यंत्र असतं ना, साधारण तसंच. घरं-माणसं ओळखता येतील अशा खुणा आधी नष्ट केल्या आणि मगच निकाल प्रश्नावलीच्या माहितीला जोडले. हा क्रम उलटा झाला असता तर सगळंच मुसळ केरात.

(दृश्य: काळ्या पडद्यावर आकडे, एकेक.)

निकाल: पंधरा ते एकोणपन्नास वयात एचआयव्हीची लागण ०.२८ टक्के लोकांना. महाराष्ट्रात ०.६२, मणिपूरमध्ये १.१३, उत्तर प्रदेशात ०.०७.

जुलै २००७ मध्ये देशाचा नवा अंदाज जाहीर झाला, २४.७ लाख. त्यात एकटं हे सर्वेक्षण नव्हतं. नमुने घेणारी सरकारी केंद्रंही वाढून १,१२२ झाली होती. शिवाय घरोघर जाणाऱ्याला फुटपाथवरचा माणूस भेटत नाही, ट्रकवरचा भेटत नाही, कुंटणखान्यातली बाई भेटत नाही. त्यांची भर वेगळी घालावी लागली. तरीही ५७ चे २५ झाले ते मुख्यतः या उंबऱ्यांवरून.

कुणी बरं केलेलं नव्हतं, कुणी मेलेलंही नव्हतं. बत्तीस लाख माणसं मुळात आजारी नव्हतीच.

(दृश्य: भायखळा, जे. जे. रुग्णालयाची इमारत. बाहेर रांग.)

इथं मला थोडं थांबायचं आहे.

एचआयव्हीची औषधं सरकारतर्फे फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ ला. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. म्हणजे २००६ साली, एकाच शहरात, एका प्रयोगशाळेत काहीशे कार्डांवर "आहे" असा निकाल पडला होता, आणि लोकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर औषध होतं. मधे नाव नव्हतं.

सर्वेक्षणवाल्यांची बाजू मला कळते. चाळीच्या दारात असा निकाल सांगितला तर संध्याकाळपर्यंत नळावर चर्चा. निकाल सांगायचा तर समुपदेशक हवा, खात्रीची दुसरी तपासणी हवी, बंद होणारं दार हवं. आणि नाव लिहिणार म्हटल्यावर किती जणांनी बोट पुढे केलं असतं? तरीही हा व्यवहार मला टोचतो. देशाला त्याचा आकडा मिळाला आणि ज्याचं रक्त होतं त्याच्या हातात चिठ्ठी. ती घेऊन किती जण केंद्रात पोचले हे कधीच कळू शकत नाही. पद्धतच तशी ठरवलेली होती.

दहा वर्षांनी आफ्रिकेत दुसरी वाट निघाली. झिंबाब्वे, मलावी, झांबिया इथल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणांत पथक घरी जायचं, समुपदेशन करायचं, आणि एचआयव्हीचा निकाल तिथंच, त्याच माणसाला सांगायचं. ज्यांना लागण होती त्यांच्या रक्तातला विषाणू किती, हेही मोजलं गेलं. तो रिपोर्ट माणूस सांगेल त्या दवाखान्यात जायचा. म्हणजे घरात सांगता येतं. माणसं जास्त लागतात, वेळ जास्त लागतो, पैसा लागतो.

(दृश्य: तपासणी केंद्र. बाकावर एक आई, मांडीवर बाळ. चेहरे दिसत नाहीत.)

आपल्याकडे हाच कागद २०१० पासून आणखी एका कामाला लागला. आईला एचआयव्ही असेल तर बाळाची नेहमीची तपासणी फसवी ठरते, कारण ती विषाणू नाही, प्रतिद्रव्यं शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते पदार्थ. आणि आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. मग खुद्द विषाणूच शोधावा लागतो. त्यासाठी सहाव्या आठवड्यात, लसीच्या डोसाला आणलं की, टाचेचं रक्त कागदावर घेतात.

ताईंनी टाच तळहातात धरून आधी ऊब दिली. टोचलं. बाळ किंचाळलं, मग आईच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत राहिलं. थेंब पडले, एक, दोन, तीन. पाचही वर्तुळं भरली.

ताईंनी कार्ड रॅकवर ठेवलं आणि रजिस्टर उघडलं. आईचा नंबर, बाळाचा नंबर, मोबाइल.

"मोबाइल तुमचाच ना? की घरच्यांचा?"

"माझाच."

"बरं. दहाव्या आठवड्याला पुढचा डोस आहे, तेव्हा या. रिपोर्टचं तेव्हाच बघू. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः या."

आईनं लसीचं कार्ड पुढे केलं. तारीख त्यावरच लिहून घेतली.