आतड्याचा दाह: घराण्यातून काय येतं?

नमस्कार श्रोतेहो.

शौचावाटे रक्त जातं, महिनोन्‌महिने जुलाब होतात, वजन उतरत जातं. कधी मूळव्याध समजून, कधी पोटाचा टीबी समजून औषधं होतात. मग कोलोनोस्कोपीत आतड्याचा जुनाट दाह दिसतो: अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स. या दोन्ही आजारांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. निदान झालं की घरात पहिला प्रश्न निघतो, "आमच्यात तर हे कुणालाच नव्हतं, मग आलं कुठून?" आणि पाठोपाठ दुसरा, "पोरांना होईल का?"

या दुसऱ्या प्रश्नापायी किती आईबाप आतल्या आत झुरतात, म्हणून आज त्यावरच बोलतो.

२००१ साली फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की सोळाव्या गुणसूत्रावरच्या नॉड-२ या जनुकाचा क्रोन्सशी संबंध आहे. हे जनुक पहारेकऱ्याचं काम करतं. जिवाणूच्या भिंतीचा कण पेशीत शिरला, की त्याला ओळखून प्रतिकारयंत्रणेला हाक देतं. जनुकात ठरावीक बदल असले तर ही ओळख नीट पटत नाही. असा बदल आई आणि वडील दोघांकडूनही आला तर धोका बराच वाढतो. तरीही अशी बहुसंख्य माणसं आयुष्यभर निरोगी राहतात. एकसारख्या जुळ्या भावंडांची जनुकं तीच, पण एकाला क्रोन्स झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही.

२०१२पर्यंत आयबीडीशी निगडित १६३ जागा जनुकसंचात सापडल्या होत्या, आज त्या दोनशेच्या वर आहेत. एकेका जागेचा वाटा अगदी थोडा. आयएल-२३ हा दाह वाढवणारा संदेश पेशींपर्यंत पोचवणारा रेणू. तो संदेश झेलणाऱ्या आयएल-२३आर जनुकातला एक बदल तर उलट संरक्षण देतो, आणि आयएल-२३ला अडवणारी औषधं आता वापरात आहेत.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नॉड-२चे युरोपीय लोकांत आढळणारे ते बदल जपान, कोरिया, चीनमध्ये जवळजवळ नाहीतच, आणि भारतीयांतही फार विरळा. तरी आजार आपल्याकडे वाढतो आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर भागात स्थायिक झालेल्या भारतीयांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण तिथल्या गोऱ्यांपेक्षाही जास्त आढळलं होतं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. खाणंपिणं आणि राहणीमान बदलतं. म्हणून पोरांच्या लाळेचा नमुना परदेशी पाठवून धोका मोजण्यात पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक जनुक-तपासणी मात्र जरूर विचारा. आयबीडीत अ‍ॅझाथायोप्रिन ही गोळी बऱ्याच जणांना दिली जाते. २०१४ साली कोरियातल्या क्रोन्सच्या रुग्णांमध्ये एनयूडीटी-१५ जनुकातला एक बदल सापडला. तो असला तर या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात. युरोपीय लोकांत हा बदल क्वचित दिसतो, आपल्यात बऱ्यापैकी आढळतो. त्यामुळे या गोळीआधी करायची, त्यांच्याकडे रूढ झालेली टीपीएमटी या दुसऱ्या जनुकाची तपासणी आपल्याला पुरत नाही. एका पालकाकडून बदल आला असेल तर डॉक्टर डोस कमी ठेवतात. दोघांकडून आला असेल तर सहसा ही गोळी टाळतात.

गोळी आधीच सुरू असेल, तर रक्ताची तपासणी एकदाही चुकवू नका. पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, घसा धरला किंवा केस पुंजक्याने गळू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

नमस्कार.