धावपट्टी आधी, विमान नंतर

(दृश्य: नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी, उलव्याच्या बाजूने. खाडीवरचं धुकं.)

११ ऑक्टोबर २०२४. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर पहिलं विमान उतरलं, ते प्रवासी विमान नव्हतं. ते होतं भारतीय हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान. सुखोई-३० हे लढाऊ विमानही धावपट्टीवरून अगदी कमी उंचीने उडत गेलं, पण त्याने चाकं टेकवली नाहीत. प्रवासी विमानाची चाचणी झाली ती त्यानंतर, २९ डिसेंबरला.

टेकडी फोडून, उलवे नदीचा प्रवाह वळवून, भराव घालून केलेली ही ३,७०० मीटरची पट्टी. लढाऊ विमानाला रोजच्या कामासाठी साधारण २,७०० मीटर पुरतात. सी-२९५ला तर त्याहून कितीतरी कमी. जुन्या अ‍ॅव्हरो मालवाहू विमानांच्या जागी आलेलं हे विमान पाच ते दहा टन माल नेतं आणि कच्च्या, आखूड पट्टीवरही उतरतं. मागचा उतरता दरवाजा उघडला की जवान किंवा सामान थेट हवाई छत्रीने खाली.

हवाई दल म्हटलं की डोळ्यांपुढे विमान येतं. खरं तर आधी जमीन यायला हवी.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

८ ऑक्टोबर १९३२ ही हवाई दलाची स्थापना. १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली तुकडी उभी राहिली, चार वापिटी विमानांची. वर-खाली अशा दुहेरी पंखांची, हलकी विमानं. त्यांना मोकळं मैदान चालायचं. १९४७ साली तसं राहिलं नव्हतं. २७ ऑक्टोबरला श्रीनगरला पहिली शीख पलटण घेऊन डाकोटा ही मालवाहू विमानं निघाली, तेव्हा खाली कच्ची पट्टी होती आणि ती कोणाच्या ताब्यात आहे याचीही खात्री नव्हती. आधी वरून घिरटी घालून पाहायचं, मगच उतरायचं, अशी सूचना होती. ती पट्टी हातची गेली असती तर खोऱ्यात वेळेवर सैन्य पोचलंच नसतं.

आपल्या ठाणे जिल्ह्यातही दुसऱ्या महायुद्धातली एक पट्टी आहे, कल्याणजवळ नेवाळीला. त्या जमिनीसाठी २०१७ साली शेतकरी रस्त्यावर उतरले. धावपट्टी कोणाच्या तरी शेतातूनच जाते, हे विसरून चालत नाही.

(दृश्य: भूज, डिसेंबर १९७१चा नकाशा.)

शत्रूलाही हे ठाऊक असतं. १९७१मध्ये आपल्या मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर बॉम्ब टाकून खड्डे पाडले आणि तिथली पाकिस्तानी विमानं शाबूत असूनही जमिनीवरच अडकली. त्याच युद्धात भूजची पट्टी उद्ध्वस्त झाली. भूजजवळच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ती ७२ तासांत पुन्हा उभी केली.

खड्डा बुजवणं सोपं वाटतं, पण ते तसं नाही. आधी न फुटलेले बॉम्ब शोधून बाजूला करायचे. मग पूर्ण पट्टी दुरुस्त करत बसायचं नाही. कमीत कमी खड्डे असलेला सुमारे १,५०० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पट्टा निवडायचा. स्फोटाने खड्ड्याभोवतीचं काँक्रीट वर उचललं जातं. हा फुगवटा नजरेतून सुटतो आणि पुढे नेमका तोच नडतो. तो कापून काढला नाही तर वरचा थर समतल बसत नाही आणि वेगातल्या विमानाचं चाक तिथे आपटतं. कापल्यावर दगडांचा भराव, थराथराने दाबणं आणि वर लवकर घट्ट होणारं काँक्रीट किंवा धातूच्या पट्ट्यांची चटई. दाबण्यात कुचराई झाली की काही विमानांनंतर भराव खचतो.

(दृश्य: पहाटेचा तळ. रांगेत, खाली मान घालून चालणारे जवान.)

शांततेतलं रोजचं काम यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. उड्डाणं सुरू होण्याआधी माणसं एका रांगेत चालत खडे, स्क्रू, तारेचे तुकडे वेचतात. जेट इंजिन समोरची हवा ओढतं, तिच्याबरोबर खडाही ओढतं. इंजिनाच्या पात्याला पडलेली बारीक खाच पुढे भेगेत बदलते. म्हणूनच सुखोईच्या हवेच्या तोंडाशी जमिनीवर असताना जाळी येते. दुरुस्तीची हत्यारं त्यांच्या आकाराच्या खाचांत ठेवतात. एक पाना जागेवर नसला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत.

रचनेकडे पाहिलं तरी हेच दिसतं. हवाई दलाच्या सात कमांड, म्हणजे मोठे विभाग, आहेत. पाच लढाईच्या, त्या दिल्ली, गांधीनगर, प्रयागराज, शिलाँग आणि तिरुवनंतपुरमला. प्रशिक्षणाची बंगळूरला. आणि देखभालीची आपल्या नागपूरला. नाशिकजवळ ओझरला तिचा ११ नंबरचा दुरुस्ती डेपो आहे. लढाऊ स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या एका तुकडीत, साधारण १६ ते १८ विमानं असतात. सप्टेंबर २०२५मध्ये मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. ही घट गंभीरच आहे. पण हवाई दलाच्या प्रत्येक तळावर विमानं नसतातही. ठाणे शहरात कोलशेत रस्त्यावर आणि येऊरला हवाई दलाचे तळ आहेत, तिथे धावपट्टी नाही. रडार, दळणवळण, साठा, दुरुस्ती यांच्यासाठीही तळ लागतात.

तळावर हल्ला झाला तर उतरायचं कुठे, म्हणून महामार्गही तयार ठेवतात. २०१५मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर मिराज-२००० उतरलं, मे २०२५मध्ये गंगा द्रुतगती मार्गावर सराव झाला. मोठ्या नागरी विमानतळाची लांब पट्टीही अशा वेळी कामी येते.

(दृश्य: पावसात भिजलेली धावपट्टी.)

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. प्रत्येक उतरणीला टायरचं थोडं रबर पट्टीवर घासून बसतं. हा काळा थर साठला की पाणी निचरत नाही आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. ब्रेक लावूनही विमान थांबत नाही. टायरमधली हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगाला हे घडतं. नेहमीचा उपाय: जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने रबर खरवडून काढणं आणि मग घर्षण मोजणं. हे जूनच्या आधी उरकावं लागतं.