शिआन: गव्हाच्या गावात दोन दिवस

(दृश्य: सकाळ. तटावरून दिसणारं शहर, खाली खंदकाचं पाणी.)

शनिवार, सकाळचे आठ. दक्षिणेच्या योंगनिंग दरवाजातून आपण चीनमधल्या शिआनच्या तटावर चढतोय. मिंग राजवटीत, चौदाव्या शतकात बांधलेला हा तट 12 मीटर उंच आहे आणि त्याचा घेर 14 किलोमीटरच्या आसपास भरतो. माथ्यावरची वाट एवढी रुंद, की इथे सायकली भाड्याने मिळतात. दीड-दोन तासांत प्रदक्षिणा पुरी होते. शुक्रवारी रात्री उतरा, मुक्काम तटाच्या आत करा आणि पहिली सकाळ इथेच घालवा. एकदा वरून पाहिलं की गावाची ठेवण डोक्यात बसते. मधोमध घंटाघर, त्याच्या वायव्येला नगारखाना, आणि नगारखान्याच्या मागे हुई मुस्लिमांची जुनी वस्ती.

चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यासाठी घडवलेले ते प्रसिद्ध मातीचे सैनिक लिनतोंगला आहेत, इथून 35-40 किलोमीटरवर. 1974 साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडले. जायचं तर अर्धा दिवस वेगळा काढा. आम्ही आलो होतो गव्हासाठी.

चिनी जेवण म्हणजे भात, असं आपण धरून चालतो. दक्षिणेत ते खरंही आहे. पण शिआन वेई नदीच्या मैदानात वसलंय, आणि हा मुलूख गव्हाचा.

(दृश्य: मोठं पातेलं. पिठाचा गोळा. पाणी पांढरं होत जातं.)

हे ल्यांगपी. मैद्याचा घट्ट गोळा मळून पाण्यात चोळायचा. पाणी दुधासारखं झालं की ते वेगळं काढायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा चोळायचं. शेवटी हातात एक चिवट गोळा उरतो, तो वाफवून बाजूला ठेवतात. पांढरं पाणी काही तास हलवायचं नाही. सत्त्व तळाशी बसतं, वरची निवळ ओतून देतात.

उन्हाळ्यात घरी कुरडया घातलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यापुढे काही सांगायला नको. हा चीकच आहे! आपण तो शिजवतो, सोऱ्यातून पाडतो, उन्हात वाळवतो. इथे तो पसरट ताटलीत पातळ ओततात आणि ताटली उकळत्या पाण्यावर तरंगत सोडतात. दोन-तीन मिनिटांत पापुद्रा धरतो. मग ताटली गार पाण्यावर टेकवायची.

(दृश्य: पापुद्रा सुटतो. इथे काही क्षण निवेदन नाही.)

तेलाचा हात फिरवून त्याच्या पट्ट्या कापतात. वर काकडी, मोड, लसणाचं पाणी, व्हिनेगर, लाल तिखटाचं तेल, आणि मघाच्या चिवट गोळ्याचे तुकडे. यात सहसा मांस नसतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींचं दुपारचं जेवण इथे पोटभर होतं. दुकानातल्या काकूंचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरी करतो. दुकान त्या एकट्याच चालवतात.

(दृश्य: संध्याकाळ. घंटाघरावर दिवे लागतात.)

रात्री बियांगबियांग. पाटीवरचं हे अक्षर पाहा, पन्नासहून जास्त रेघांचं. पीठ ताणून ओट्यावर आपटलं की जो आवाज येतो, त्यावरून हे नाव पडलं असं इथले लोक सांगतात. एकेक नूडल कमरेच्या पट्ट्याएवढी रुंद. त्यावर तिखट, लसूण, पातीचा कांदा, आणि वरून कडकडीत तेल. ही फोडणीच, मोहरीवाचून.

(दृश्य: रविवार सकाळ. रिकामा वाडगा, दोन जाड रोट्या.)

आज पाओमो. रोट्या तुम्हीच कुस्करायच्या, सोयाबीनच्या दाण्याएवढ्या बारीक. अर्धा तास लागतो, लागू द्या. आसपासच्या टेबलांवर पाहा, कोणालाही घाई नाही. गप्पा चालू, बोटं चालू. वाडगा भरला की नंबराच्या चिठ्ठीसह तो आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. मटण की गोमांस, ते आधीच सांगा. रस्सा किती हवा, तेही सांगायचं असतं. एका प्रकारात मधोमध रोटीचा ढीग राहतो आणि भोवती रस्सा. त्याचं नाव 'श्वे वेई छंग', पाण्याने वेढलेलं शहर. कालचा तट आणि खंदक आठवा. ढवळू नका, कडेकडेने खात जा. तोंडी लावायला गोड मुरवलेला लसूण.

शान्शी इतिहास संग्रहालय पाहायचं असेल तर नोंदणी आधीच करा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. सोमवारी ते बंद असतं.

(दृश्य: मोठा रानहंस पॅगोडा, खालून वर.)

हा मनोरा 652 सालचा. युआन श्वांगने भारतातून आणलेले ग्रंथ सांभाळण्यासाठी तो बांधला, पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. 645 साली तो 657 ग्रंथ घेऊन या शहरात परतला. वाटेत तो आपल्याकडेही येऊन गेला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा बदला घेतात, असं त्याने लिहून ठेवलंय. शाळेत वाचलेलं हे वाक्य इथे, त्याच्या पुतळ्यासमोर उभं राहून पुन्हा आठवा.

मनोऱ्यात चढायला वेगळं तिकीट लागतं. खाली आलात की यान्ता रस्त्याने उत्तरेला, तटाच्या दिशेने चालत निघा. तासभर लागेल. गाडी रात्रीची असेल, तर ल्यांगपीच्या आणखी एका ताटलीपुरता वेळ हातात राहतो.