पोटातल्या शिरेतली गुठळी बाहेरून कशी शोधतात

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर हे लाल-निळं हलतंय ना, त्यातलं लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध असं खूप जणांना वाटतं, पण तसं काही नसतं. प्रोबकडे, म्हणजे पोटावर फिरवतात त्या यंत्राकडे, येणारं रक्त सहसा लाल दाखवतात, लांब जाणारं निळं, बस्स. ही डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे आवाजाच्या लहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी, आणि ही जाड शीर म्हणजे पोर्टल व्हेन, आतडी आणि प्लीहेकडून आलेलं रक्त लिव्हरमध्ये नेणारी. लिव्हरला मिळणारं साधारण ७५ टक्के रक्त हिच्यातूनच येतं.

इथे गुठळी बसली की रंग गायब. पण उलटं खरं नाही हं, सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होतं त्या आजारात, रक्त कधीकधी इतकं सावकाश सरकतं की मशीनला ते पकडताच येत नाही, मग सेटिंग बदलून परत बघावं लागतं. त्यात गॅसची कटकट, आतड्यात हवा असली की लहरी पुढे जातच नाहीत, म्हणून तर उपाशीपोटी बोलावतात, आणि तरीसुद्धा आतड्यांच्या शिरा पुष्कळदा झाकलेल्याच राहतात.

आणि नेमकी तिथली गुठळी जास्त घातक. रक्ताला बाहेर पडायला वाट नाही म्हणून आतडं सुजतं, उशीर झाला तर तो भाग मरूही शकतो, आणि सुरुवातीला दिसतं काय तर नुसती जोरात पोटदुखी, हात लावून बघितलं तर पोट मऊच!

अशा वेळी सीटी. पूर्वी यासाठी मांडीच्या धमनीतून नळी आत घालायचे, आता हाताच्या शिरेत एक सुई आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्त फोटोत उठून दिसावं म्हणून देतात ते औषध. सगळी गंमत वेळेची आहे, औषध आधी धमन्यांत जातं, मग आतडी-प्लीहा फिरून साधारण ६०-७० सेकंदांनी पोर्टल व्हेनमध्ये पोचतं. त्याआधीच फोटो काढला तर अर्धवट मिसळलेलं रक्तसुद्धा गुठळीसारखं दिसतं. म्हणून स्कॅनच्या फॉर्मवर फक्त ‘पोटदुखी’ न लिहिता ‘शिरेत गुठळीचा संशय’ लिहिलेलं असलं तर खूप फरक पडतो, निदान मला तरी हे मशीनच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एमआरआयमध्ये एक्स-रे नाहीत, पण वेळ लागतो, श्वास रोखावा लागतो. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ असेल तर शिरेत आहे ती साधी गुठळी की गाठच आत शिरलीय, हे कॉन्ट्रास्टने कळू शकतं, साधी गुठळी कॉन्ट्रास्ट घेत नाही, गाठ घेते. आणि बंद शिरेभोवती बारीक वाकड्या शिरांचं जाळं दिसलं, तर समजायचं की हे दुखणं कालपरवाचं नाही, रक्ताने स्वतःच दुसरी वाट काढलेली आहे.