किट की तयार: किनाऱ्यावर रेप्लिका स्पोर्ट्‌स कार घेताना

(रत्नागिरीत गॅरेजवाले, तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी आणि मोटारप्रेमी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. रेप्लिका म्हणजे जी गाडी आता बनत नाही, किंवा मूळ मिळाली तरी परवडत नाही, तिची नव्याने बनवलेली प्रतिकृती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती कोब्रा. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-एट इंजिन बसवलं. मूळ गाड्या हजाराच्या आसपासच झाल्या, प्रतिकृती मात्र त्याच्या कितीतरी पट. त्याखालोखाल पोर्शेच्या ५५० स्पायडर आणि ३५६ स्पीडस्टर यांच्या प्रतिकृती. ३५६ स्पीडस्टरची बरीचशी किट फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर, म्हणजे तळाच्या सांगाड्यावर, बसतात.

आता किट की कारखान्याची तयार गाडी, हा प्रश्न लोक दोन टोकांचा समजतात. मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत. काही किटमध्ये चॅसी, बॉडी आणि पत्रे एवढंच येतं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक हे सगळं तुम्ही जुन्या गाडीतून काढायचं. काहींत शेवटच्या नटापर्यंत सगळं नवं येतं. तिसरा प्रकार म्हणजे रोलर: कारखान्यात रंगवून, वायरिंग करून, चाकांवर उभी केलेली गाडी, फक्त इंजिन-गिअरबॉक्स नाही. आणि शेवटी किल्ली फिरवली की निघाली अशी पूर्ण तयार गाडी. दक्षिण आफ्रिकेत बनणारी सुपरफॉर्मन्सची कोब्रा अमेरिकेत वर्षानुवर्षं रोलर म्हणूनच विकली गेली.

असं का? बनवणाऱ्यांना इंजिन बसवता येत नव्हतं असं नाही. इंजिनासकट विकली की ती ‘नवी मोटार’ ठरते आणि नव्या मोटारीचे सगळे सुरक्षा-नियम तिला लागू होतात. छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती पूर्ण तयार करून विकता याव्यात, असा कायदा अमेरिकेत २०१५ मध्ये झाला. त्याची नियमावली लागू व्हायला २०२२ उजाडलं. इंग्लंडची गोष्टही तशीच. १९५७ मध्ये आलेली लोटस कंपनीची सेव्हन ही छोटी स्पोर्ट्‌स कार सुट्या भागांत घेतली तर खरेदीकर लागत नसे. अट एवढीच की जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग लोटसने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या, त्या उलट्या क्रमाने वाचायच्या! १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. मुद्दा असा की किट हा प्रकार हौसेइतकाच कायद्याच्या फटीतून वाढला. म्हणून निवड करताना आपण कुठल्या देशाच्या कायद्याखाली उभे आहोत, हे आधी बघायचं.

आपल्याकडे उत्तर कडक आहे, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आरटीओत नव्या गाडीची नोंदणी करायची तर फॉर्म २० बरोबर विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा फॉर्म २२ लागतो. फॉर्म २२ देतो उत्पादक, आणि त्यासाठी त्याच्या नमुना गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते. घरी जोडलेल्या गाडीला उत्पादकच नसतो, मग फॉर्मवर सही कोणाची? यावर वाट म्हणून लोक सुचवतात की जुन्या, नोंदणी असलेल्या गाडीच्या चॅसीवर फायबरची बॉडी चढवू. ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळी नोंदणी आली, तीही प्रतिकृतीला लागू नाही. काल बनलेली गाडी १९६२ ची दिसते म्हणून १९६२ ची होत नाही. शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची दोन सीटची स्पोर्ट्‌स कार बनत होती. ती प्रतिकृती नव्हती, पण छोट्या संख्येने गाडी बनवायची तरी कागदावर उत्पादक म्हणून कोणीतरी उभं राहावं लागतं, हे तिच्याकडे पाहून समजतं.

तेव्हा गाडी हायवेवर न्यायची असेल तर मान्यता असलेली, कारखान्याची, हेच उत्तर. किट घ्यायचं ते ट्रॅकसाठी, स्वतःच्या आवारासाठी, शिकण्यासाठी. किंवा तुमच्यातल्या काहींची मुलं-भावंडं इंग्लंड-अमेरिकेत आहेत, त्यांना तिथे जोडायचं असेल तर. इंग्लंडमध्ये एकेका गाडीची आयव्हीए नावाची चाचणी होते. तिथे बाहेरच्या कडेची गोलाई २.५ मिमीपेक्षा कमी असली तरी गाडी परत पाठवतात. गाडीचं वय ठरवता आलं नाही तर क्यू अक्षराचा नंबर मिळतो, आणि त्याने पुढे विक्रीची किंमत पडते. म्हणून किटच्या प्रत्येक सुट्या भागाचं बिल पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवायचं.

कागदांचं झालं. आता खाऱ्या हवेचं बोलू, कारण किनाऱ्यावर किट आणि तयार गाडी यांतला खरा फरक इथेच पडतो. तयार गाडीत चॅसीवर पत्रे आधीच रिव्हेट केलेले असतात. आत काय लावलंय ते बघता येत नाही. किटमध्ये प्रत्येक सांधा तुमच्या हातून जातो, त्यामुळे तो बंद होण्याआधी मिठापासून वाचवता येतो. कोकणात किटच्या बाजूने मला हे सगळ्यांत मोठं कारण वाटतं, पैशांच्या बचतीपेक्षाही मोठं.

बहुतेक कोब्रा किटची चॅसी लोखंडी नळ्यांची, त्यावर ॲल्युमिनिअमचे पत्रे. लोखंड, ॲल्युमिनिअम आणि खारट ओल एकत्र आले की ॲल्युमिनिअम झिजतं, पांढरी पूड पडते आणि रिव्हेट सैल होतात. शिवाय रिव्हेटसाठी ४.८ मिमीचं भोक पाडलं की बंद नळी उघडी होते, आतून गंजायला लागते, आणि बाहेर पावडर कोटिंग चकाचक असल्यामुळे दोन-तीन पावसाळे पत्ताही लागत नाही. उपाय जोडणीच्या वेळीच करायचे. पत्रे एकदा क्लिकोने (काढता येणाऱ्या पिनांनी) तात्पुरते लावून सगळी भोकं पाडायची, मग सगळं काढायचं. भोकांच्या कडा घासून प्रायमर द्यायचा, नळी आणि पत्रा यांच्या मध्ये पॉलियुरेथेन सीलंटची सलग रेघ ओढायची, बंद टोकाचे रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून मारायचे. शेवटी नळ्यांच्या आत लांब नोझलने कॅव्हिटी वॅक्स फवारायचं आणि प्रत्येक नळीच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निघायला भोक ठेवायचं. पावडर कोटिंगला टवका गेला तर गंज त्याखालून पसरत जातो, म्हणून खालच्या बाजूला ते एकटं पुरत नाही.

इथल्या गॅरेजांत एक सवय आहे, ती धोकादायक आहे: गंज नको म्हणून दिसेल तिथे एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, बोल्ट टाकणं. बाजारात मिळणारा एसएस बोल्ट बहुधा ए२-७० असतो, म्हणजे ताण सहन करण्याची ताकद ७०० मेगापास्कल. सस्पेन्शनला आणि स्टिअरिंगला किटवाला ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा बोल्ट देतो, म्हणजे ८०० आणि १,००० मेगापास्कल. तिथे एसएस घालू नका. दिलेल्या ग्रेडचाच, झिंक-निकेल प्लेटिंगचा बोल्ट घ्या आणि आवळल्यावर उघड्या आट्यांना वॅक्स लावा. एसएस वापरायचा तो पत्रे, पंखे, दिव्यांच्या पट्ट्या यांना, आणि ॲल्युमिनिअममध्ये जाणार असेल तर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून, नाहीतर दोन वर्षांनी तो बाहेर येत नाही, तुटतो.

ब्रेकची नळी ४.७५ मिमीची असते. साधी लोखंडी नळी इथे क्लिपखाली गंजते, म्हणून तांबे-निकेलची घ्या आणि दर ३०० मिमीच्या आत क्लिप मारा. डॉट ४ ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. एरवी दोन वर्षांनी बदला म्हणतात, किनाऱ्यावर दर वर्षी बदला.

फायबरबद्दल मिरकरवाड्याच्या होड्या बनवणाऱ्यांना मी काय सांगणार! पण गाडी घेणाऱ्यांसाठी सांगतो. बॉडी बघायची ती वरून नाही, चाकाच्या कमानीची कापलेली कड बघायची. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या काचधाग्याच्या मॅटचा हाताने लावलेला एक थर साधारण १ मिमी भरतो, त्यावरून थर किती आहेत ते मोजता येतं. बोनेटच्या मधोमध तळहाताने दाबा. पत्र्याच्या डब्यासारखं ढपकन आत गेलं तर मागून आधार कमी आहे. नवी बॉडी आली की लगेच रंगवू नका. रेझिन पूर्ण सुकायला वेळ लागतो, उन्हात तापवून उतरवून मगच रंग द्या, नाहीतर वर्षभरात मॅटचे धागे रंगातून उमटतात. आणि जून ते सप्टेंबर फायबरचं काम करूच नका. दमट हवेत रेझिन चिकट राहतं. मग कारागीर हार्डनर वाढवतो, आणि जाड थर तापून तडकतो. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, त्यापलीकडे जायचं नाही.

फायबरची दुसरी गोष्ट विजेची. नेहमीच्या गाडीत बॉडीच अर्थ असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या फ्लोटला स्वतंत्र अर्थची वायर चॅसीपर्यंत आणावी लागते. घरी जोडलेल्या गाड्यांतले विजेचे निम्मेअधिक घोटाळे इथलेच. इंडिकेटर दिला की मागचा दिवा मंद लुकलुकतो? अर्थ सैल आहे, फ्यूज बदलत बसू नका. अर्थच्या जागी पावडर कोटिंग खरवडून उघडं लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वरून पेट्रोलियम जेली फासा.

किती वेळ लागतो, हा प्रश्न हमखास येतो. केटरहॅम सेव्हन ऐंशी ते शंभर तासांत होते, कारण तिचे पत्रे बसवलेले आणि वायरिंग तयार येतं. कोब्रात हा हिशेब लागू नाही. यांत्रिक जोडणी माहितीपत्रकातल्या तासांच्या जवळपास होतेही, पण दारं, बोनेट आणि डिकी यांच्या फटी सारख्या करणं आणि रंग यांत महिने जातात, आणि खर्चाचा अंदाजही तिथेच चुकतो. जोडणीतली एक चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगतो. सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं, फाटतं, आणि गाडीची उंचीही चुकीची बसते. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर रेघ सरकली का ते बघा.

पेट्रोलचंही बघायला हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या धाटणीच्या किटमध्ये कार्ब्युरेटर आणि साधा रबरी होज असतो. तो आतून सुटतो आणि जेट तुंबतात. होजवर आर ९ छापलेलं हवं, ती इथेनॉल सोसणाऱ्या होजची खूण. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून लोखंडी टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी करू नका.

कारखान्याची गाडी बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नको. इंजिन कोणी बसवलं, हे विचारा. रोलर एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं असेल तर वॉरंटी दोघांत वाटली जाते, आणि तापमान वाढलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. चॅसी नंबर चॅसीवर, प्लेटवर आणि कागदावर अक्षर न् अक्षर जुळतो का ते बघा. गाडी लिफ्टवर घ्या, पत्रा आणि नळी यांच्या मध्ये सीलंट दिसतं का, रिव्हेटभोवती पांढरी पूड आहे का ते टॉर्चने बघा. सीटबेल्टचे बोल्ट फायबरमध्ये घुसलेत की चॅसीला वेल्ड केलेल्या पट्टीत, हे हात घालून तपासा. फायबरमध्ये असतील तर गाडी सोडून द्या. मग इंजिन चालू करून वीस मिनिटं उभी ठेवा आणि पंखा सुरू-बंद होतो का ते पाहा. आंबा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडताना व्ही-एटचा रेडिएटर जेवढा तापतो तेवढा हायवेवर तापत नाही. बाजूला सायलेन्सर असलेली गाडी असेल तर त्याच्या खालची उंचीही मोजा. आपल्याकडच्या गतिरोधकांवर पहिला तोच घासतो.

कोणी अर्धवट सोडलेलं किट स्वस्तात मिळतंय म्हणून घेणं, हा या सगळ्यातला सर्वांत महाग मार्ग. भागांची मूळ यादी आणि बिलं समोर ठेवून प्रत्येक भाग मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि आधीच्या माणसाने आवळलेला ब्रेकचा, स्टिअरिंगचा, सस्पेन्शनचा एकूण एक सांधा सोडून पुन्हा बांधायचा, असं धरूनच वेळ काढा.

शेवटी प्रश्न आला की गाडी धुवायची कशाने. गोड्या पाण्याने, खालून, दर आठवड्याला, आणि साबणापेक्षा पाण्याचा जोर महत्त्वाचा. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी आधी चाखून बघा. मचूळ लागलं तर त्याने गाडी धुऊ नका.