आडनावातलं गाव
(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी,

आज नावनोंदणीच्या टेबलावरची यादी वाचत होते. कितीतरी आडनावं 'कर'वर संपणारी. हे 'कर' बहुधा गाव सोडल्यावर लागतं. पेणमध्ये सगळेच पेणचे, तिथे पेणकर म्हणून कुणाला ओळखणार? माणूस मुंबईला किंवा बडोद्याला गेला की लोक त्याला पेणकर म्हणू लागतात. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच घरांत पहिलं स्थलांतर विमानानं झालेलं नाही. ते कधीच, पायी किंवा बैलगाडीनं झालंय.

मला यात सगळ्यात जवळचे वाटतात ते कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवायचे. शनिवार त्यांचा धर्मानं ठरलेला सुटीचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. घरात मराठी आणि आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर. १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. किहीम हे अलिबागजवळचं समुद्रकाठचं गाव. आडनावाच्या रूपानं ते इस्रायलमधल्या अश्दोद आणि डिमोनापर्यंत पोचलं.

दुसरी मोठी तऱ्हा कामावरून पडलेल्या आडनावांची. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्याचं मराठीत 'नीस' झालं. चिटणीस पत्रव्यवहार बघायचे, फडणीस हिशेबाचं दप्तर, पारसनीस फारसी कागद. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू, पण हुद्दाच नावाला कायमचा चिकटला. पोतदाराचं काम तर डोळ्यांसमोर उभं राहतं. बाजारात नाना तऱ्हेची नाणी चालायची. शेतसारा भरायला आलेलं नाणं वाजवून, कस पाहून खरं की खोटं ते सांगायचं काम त्याचं. परगण्याची (म्हणजे देशमुख, देशपांडे यांची) आणि कुलकर्ण्यांची वंशपरंपरागत वतनं १९५१ साली कायद्यानं गेली. देशमुखी गेली, कुलकर्णीपण गेलं, आडनावं राहिली.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. आडनावावरून जात शोधायला जाऊ नका. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही कामांची नावं आहेत, वेगवेगळ्या समाजांत सापडतात. आडनाव सारखं म्हणून कुळ एक, असंही नाही.

आपली मुलं इथे शाळेत आडनावाची स्पेलिंग सांगून कंटाळतात. काही जण ते छाटूनही टाकतात. छाटण्याआधी त्यांना ते गाव नकाशावर दाखवा, ते काम काय होतं ते सांगा. ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांनी या आठवड्यात फोन करून विचारा: मूळ गाव कोणतं, तालुका कोणता, तिथून कोण निघालं, कशासाठी? दुष्काळ, कर्ज, नोकरी, भाऊबंदकी, जे असेल ते लिहून घ्या.

आणि बायकांची आडनावं विसरू नका. आईचं माहेर, आजीचं माहेर, पणजीचं माहेर वंशावळीत बहुतेक कुठेच नसतं. मंडळाच्या नोंदवहीत मूळ गावाचा रकाना आजपासून सुरू होतोय. त्याच्या शेजारी माहेरच्या आडनावाचाही ठेवलाय. जाण्याआधी दोन्ही भरा.