मेकॅनिकलचे विषय: आधी कुठला पक्का करायचा?

[थेट कॅमेऱ्याकडे, मागे फळा]

नमस्कार मंडळी. रिझल्ट लागला की एक मेसेज हमखास येतो. "सर, दोन विषय राहिलेत. आधी कुठला काढू?" आणि खाली लगेच, "सोपा आहे तो काढतो." थांबा. आज याच "सोपा आहे तो"बद्दल बोलायचंय, कारण मेकॅनिकलमध्ये हा हिशोब महागात पडतो.

विद्यापीठ आपल्याला विषय सेमप्रमाणे देतं. पाच विषय, इन-सेम, सबमिशन, ओरल, एंड-सेम. झालं, पुढचे पाच. मनात पक्कं बसतं की सेम संपलं म्हणजे विषय संपला. पण एसईचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा विषय टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षी नाव बदलून परत येतो, आणि तेव्हा तो कुणी शिकवत नाही. तुम्हाला येतोच असं धरलेलं असतं. म्हणून कुठलाही विषय समोर आला की आधी विचारा, याच्यावर पुढे काय काय उभं आहे?

[फळ्याकडे वळून, उजव्या टोकाला लिहीत: मशीन डिझाइन]

मी मुद्दाम शेवटून सुरुवात करतोय. विषयांची नावं आणि सेम प्रत्येक विद्यापीठात थोडं मागेपुढे होतं, पण हा क्रम कुठेही बदलत नाही.

साधा शाफ्टचा प्रश्न घ्या. मोटर आहे, शाफ्टवर एक गिअर, एक पुली, दोन बाजूंना बेअरिंग. व्यास काढायचाय. पहिली पायरी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एफईचं (पहिल्या वर्षाचं) मेकॅनिक्स. दुसरी पायरी बेंडिंग मोमेंट डायग्राम, एकदा उभ्या प्रतलात, एकदा आडव्या. हे एसईचं सॉम, म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स. मग मोमेंटचा वर्ग अधिक टॉर्कचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते कुठून आलं विचारलं की वर्ग शांत. ते आलंय मोहरच्या वर्तुळातून (वेगवेगळ्या दिशांचे स्ट्रेस दाखवणारी आकृती) आणि मॅक्सिमम शिअर स्ट्रेस थिअरीतून. मोहरचं वर्तुळ सॉममध्ये "ऑप्शनला टाकलं" असेल, तर डिझाइनमध्ये तुम्ही फक्त आकडे भरताय.

पुढे बघा. त्या शाफ्टला किती स्ट्रेस चालेल? समजा मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. म्हणजे बारा तासांच्या आतच दहा लाख आवर्तनं पूर्ण! स्टीलची एंड्युरन्स लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली कितीही आवर्तनं झाली तरी तुटत नाही असा स्ट्रेस, साधारण त्याच टप्प्याला धरतात. आता कळलं मेटलर्जीत तो एस-एन कर्व्ह (स्ट्रेस आणि आवर्तनांचा आलेख) कशासाठी काढला होता? तो शाफ्ट यील्ड स्ट्रेंग्थच्या कितीतरी खाली राहूनसुद्धा तुटू शकतो, हे तो आलेख सांगत होता. आपण त्याचं चित्र जर्नलमध्ये उतरवलं आणि पुढे गेलो.

शाफ्टवर बेअरिंग बसवायचं तर फिट आणि टॉलरन्स आले, म्हणजे ड्रॉइंग. गिअरचा दात तपासायचा तर लुईसचं समीकरण आलं, १८९२ सालचं, आणि त्यात दात म्हणजे एक कॅन्टिलिव्हर बीम धरलाय. परत सॉम! एका प्रश्नासाठी मेकॅनिक्स, सॉम, मेटलर्जी, ड्रॉइंग अशा चार वह्या उघडाव्या लागतात. "डिझाइन अवघड आहे" असं म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना डिझाइन अवघड जात नसतं. त्यांचं सॉम कच्चं असतं. माझं हे मत ठाम आहे.

[फळ्यावर दुसरी ओळ]

दुसरी साखळी थर्मलची. थर्मोडायनॅमिक्समधलं स्टेडी फ्लो एनर्जी समीकरण नीट समजलं, तर नोझल, टर्बाइन, कॉम्प्रेसर ही त्याचीच रूपं आहेत. कुठली पदं शून्य धरायची एवढाच फरक. आणि हीट ट्रान्सफरला फक्त थर्मो पुरत नाही. कन्व्हेक्शन आलं की रेनॉल्ड्स नंबर, बाउंड्री लेयर, म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्स. ज्यांना पुढे ईव्हीच्या बॅटरी कूलिंगमध्ये काम करायचंय, त्यांनी हा धागा तुटू देऊ नका.

तिसरी ओळ छोटी आहे. स्प्रिंग, वस्तुमान, डॅम्पर. व्हायब्रेशन्सचं हे मूळ समीकरण एम-थ्रीमधलं, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरमधलं लिनिअर डिफरेन्शियल इक्वेशन आहे, अक्षरसुद्धा बदललेलं नाही.

तर आता राहिलेल्या विषयांचं. सॉम आणि दुसरा एखादा असा विषय राहिलाय ज्याच्यावर पुढे फारसं काही उभं नाही, तर वेळेचा मोठा वाटा सॉमला द्या, भले तो अवघड असो. फॉर्म दोन्हींचा भरा. पण सुट्टीतले रोजचे पहिले ताजे दोन तास सॉमचे.

[पडद्यावर: ३० तास = १ क्रेडिट]

तास कुठून आणायचे? नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये एका क्रेडिटमागे ३० तास धरलेत. त्यात लेक्चर, प्रॅक्टिकल, स्वतःचा अभ्यास सगळं आलं. २० क्रेडिटचं सेम म्हणजे ६०० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४०. कॉलेजचं वेळापत्रक त्यातले तीसेक घेत असेल, तर तुमच्या हातात दहा उरतात. ते दहा पाच विषयांना दोन-दोन असे समान वाटू नका. चार तास त्या सेममधल्या मुळाच्या विषयाला द्या. बाकीचे विषय उरलेल्यात बसतात, आणि जर्नल तर प्रॅक्टिकलच्या दिवशीच लिहून टाका.

आता कॅलेंडर उलटं वाचू. बऱ्याच कॉलेजांत प्लेसमेंट बीई (शेवटचं वर्ष) सुरू होता होताच चालू होते, आणि अनेक कंपन्यांची अट असते, लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको. म्हणजे खरी मुदत बीईचा शेवट नाही, सहाव्या सेमचा निकाल आहे. टीईच्या मुलांनो, हे आजच भिंतीवर लिहा. गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर ती फेब्रुवारीत असते आणि तिसऱ्या वर्षापासून देता येते. १०० पैकी १५ गुण अॅप्टिट्यूड, १३ इंजिनिअरिंग मॅथ्स, ७२ मेकॅनिकल. पहिल्या दोन वर्षांतलं गणित असं परत येतं.

बाहा किंवा सुप्राची, म्हणजे विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धेची टीम जॉइन करू का? करा, मनापासून सांगतो. रोल केज (गाडीचा संरक्षक सांगाडा) वेल्ड करताना जे शिकाल ते वर्गात मिळणार नाही. फक्त कार तयार करायचे शेवटचे महिने आणि परीक्षा बऱ्याचदा एकमेकांवर येतात. मुळाच्या विषयांची केटी (राहिलेला पेपर) डोक्यावर असेल त्या वर्षी टीममध्ये छोटी जबाबदारी घ्या, कॅप्टन पुढच्या वर्षी व्हा.

इलेक्टिव्हचं, म्हणजे आपण निवडायच्या विषयाचं एकच सांगतो. मित्र घेतोय म्हणून किंवा "मार्क देतात" म्हणून घेऊ नका. तीन साखळ्यांपैकी जी तुमची घट्ट आहे, तिच्याच पुढचा विषय घ्या. इंटरव्ह्यूमध्ये प्रश्न इलेक्टिव्हच्या नावावरून सुरू होतो आणि तिसऱ्या मिनिटाला सॉमवर नाहीतर थर्मोवर येऊन पोचतो.

[कॅमेऱ्याच्या जवळ येत]

आणि डिप्लोमा करून थेट एसईला येणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. तुमचं ड्रॉइंग आणि वर्कशॉप बाकीच्यांपेक्षा चांगलं असतं, हे विसरू नका. पण एम-वन आणि एम-टू तुम्ही केलेलं नसतं, आणि एम-थ्री समोर येऊन उभं राहतं. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत वाट बघू नका. डिप्लोमाची शेवटची परीक्षा झाली की लगेच इंटिग्रेशन, पार्शल डेरिव्हेटिव्ह, कॉम्प्लेक्स नंबर आणि मॅट्रिक्स, याच क्रमाने, रोज एक तास. पुढच्या व्हिडिओत मी लिनिअर डिफरेन्शियल इक्वेशन शून्यापासून घेतोय, खास तुमच्यासाठी. तोवर इंटिग्रेशनची सूत्रं हाताखालून घाला, कारण पहिल्या गणितापासून ती लागणार आहेत.